बडबड्या मुलीला आकड्यांचं काम जमेल का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २५ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं एका पतसंस्थेच्या शाखेत कर्ज विभागात काम करते. संस्थेच्या मुख्य कार्यालयात वसुलीचे आणि ठेवींचे अहवाल तयार करून ते संचालक मंडळापुढे मांडण्यासाठी एक जागा निघाली आहे, आणि शाखाधिकाऱ्यांनी तिचं नाव सुचवलं आहे. दुसरीकडे पुण्यातल्या एका क्लासने डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या (आकड्यांतून अर्थ काढण्याच्या) सहा महिन्यांच्या कोर्ससाठी सव्वा लाख रुपये फी सांगितली आहे. वडील ठेव मोडायला तयार आहेत. पण तिचं मन कच खातं. दहावीला गणितात ५४ मार्क. दहावीच्या मुलांची आवड तपासणाऱ्या २०१६च्या कल चाचणीत ‘ललित कला’ आलेलं. मोबाइलवर दिलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीने ‘माणसांत रमणारी, भावनेने निर्णय घेणारी’ असं सांगितलेलं. पुण्यात आयटीत असलेला आतेभाऊ म्हणतो, ‘तू बडबडी, तुला सतत चार माणसं लागतात. हे एकट्याने स्क्रीनपुढे बसणाऱ्यांचं काम.’ तिचा प्रश्न: माझा स्वभावच या कामाचा नसेल तर बाबांचे पैसे आणि माझी वर्षं कशाला घालवू?

प्रिय मैत्रिणी,

वयाने तू माझ्या मुलीएवढी, म्हणून ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. तिथे तू ‘जाता जाता सांगते’ म्हणून लिहिलं आहेस: तुमच्या शाखेत हप्त्याची तारीख पाच, आणि सहा तारखेला निघणाऱ्या थकबाकीच्या यादीत दर महिन्याला बरीचशी तीच नावं. तुला ते खटकलं. ही माणसं दहा-बारा तारखेपर्यंत आपणहून येऊन पैसे भरतात, मग त्यांना थकबाकीदार का म्हणायचं? तू तीन महिन्यांच्या याद्या वहीत उतरवून घेतल्यास. तिन्ही महिने उशीर करणारे ४२ जण निघाले. काउंटरवर आलेल्या एका काकूंना तू विचारलंस, ‘काकू, दर वेळी चार दिवस उशीर का होतो हो?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, दुधाचं बिल आठ-नऊला जमा होतं. त्याच्या आधी कुठनं आणू?’ मग तू गावं लावून पाहिलीस, तर ४२पैकी ३१ जण मोठ्या दूध संस्था असलेल्या तीन गावांतले. साहेबांना सांगितलंस, ते ‘बघू’ म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

आणि याच पत्रात तू मला विचारतेस की माझा स्वभाव विश्लेषणाचा आहे का!

अगं, एखादी गोष्ट खटकणं, ती मोजून पाहणं, आकड्याच्या पलीकडे जाऊन माणसाला विचारणं आणि मग पुन्हा आकड्यांकडे येणं, हेच ते काम. तुला कुणी सांगितलं नव्हतं, पगार वाढणार नव्हता, तरी तू तीन महिन्यांच्या याद्या हाताने उतरवल्यास. वीस वर्षं मी हे काम केलं, नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. ‘तुम्हाला आकड्यांची आवड आहे का’ असं मी कधी विचारलं नाही, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. मी विचारायची, ‘कुणी न सांगता तुम्ही कशाचा छडा लावलात?’ काही जण उगाच आठवत बसायचे. काहींचे डोळे चमकायचे आणि मग त्यांना थांबवावं लागायचं. तू दुसऱ्या गटातली आहेस.

आता तुझ्या मनातल्या चार शंकांकडे येते, कारण अशीच पत्रं मला इतरांचीही येतात.

कल चाचणीचं आधी बघू. चाचणी वाईट नव्हती, पण तिचा निकाल पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या त्या दिवशीच्या आवडीनिवडीचा होता. त्या वयात तुला रांगोळी आणि नाटक आवडत असेल, तर ललित कला येणारच. तुझी पतसंस्था, थकबाकी, दुधाचं बिल हे काही त्या प्रश्नपत्रिकेत नव्हतं. मोबाइलवरची चार अक्षरांचा निकाल देणारी चाचणी ज्या मूळ चाचणीवरून आली, ती कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी बनवली. त्या दोघी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. स्वतःला समजून घ्यायला, गप्पांना विषय म्हणून ती ठीक. पण नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नये, असं ती चाचणी विकणारी संस्थाच सांगते. थोड्या आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. मुख्य म्हणजे ती तुला काय आवडतं ते विचारते, काय जमतं ते विचारत नाही. (बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे लोकही हल्ली गावोगावी फिरतात. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. धाकट्या भावासाठी कुणी घरी आलं तर बाबांना पैसे देऊ देऊ नकोस.)

त्यातल्या त्यात ज्याला काही आधार आहे, ते जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं काम. त्याने कामाच्या आवडीचे सहा प्रकार केले: हातांनी करण्याची, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन पटवून देण्याची आणि नीटनेटकी नोंद ठेवण्याची. विश्लेषणाच्या कामाला शोधक वृत्ती आणि नोंदीची शिस्त लागते असं सगळे सांगतात, ते खरंही आहे. पण माणूस एकाच खणात मावत नाही, बहुतेकांच्यात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात, हे हॉलंड स्वतःच धरून चालला होता. तुझ्यात माणसांची ओढही आहे आणि छडा लावायची खोडही. एक असली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

गणिताचे ५४ मार्क. भूमितीतली प्रमेयं परीक्षेच्या ठरलेल्या वेळात सिद्ध करता आली नाहीत, एवढंच त्यावरून कळतं. तुझ्यापुढे जी जागा आहे तिथे शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि मुख्यतः ‘हा आकडा कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न, एवढी शिदोरी पहिली दोन वर्षं पुरते. एक उदाहरण घे. दहा कर्जदार आहेत. नऊ जणांकडे प्रत्येकी २० हजार थकले आहेत आणि एकाकडे ५ लाख. सरासरी येते ६८ हजार. ‘आपला कर्जदार सरासरी ६८ हजार थकवतो’ असं तू मंडळापुढे म्हणालीस तर हिशेब बरोबर आणि अर्थ पार चुकीचा, कारण ६८ हजार थकवणारा माणूस त्या यादीत एकही नाही. इथे मधल्या माणसाचा आकडा, २० हजार, खरं सांगतो. ही गोष्ट कळायला गणितात शंभर मार्क लागत नाहीत. त्या दहा माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर असावे लागतात, आणि ते काउंटरवर बसणाऱ्या तुला दिसतात.

एक मात्र खरं सांगायला हवं. पुढे विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी (विम्याची जोखीम आणि हप्ते गणिताने ठरवणारा तज्ज्ञ) व्हायचं असेल किंवा संख्याशास्त्राची मॉडेलं बांधायची असतील, तर खरंखुरं गणित लागतं आणि ते आयत्या वेळी येत नाही. तो रस्ता वेगळा. तू तो विचारलेला नाहीस, म्हणून त्याची भीती आज कशाला?

राहिला आतेभावाचा मुद्दा, एकट्याने बसण्याचा. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण हा गैरसमज फार चांगल्या माणसांना या कामापासून दूर ठेवतो.

तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं बुध हे गाव. तिथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुढे ते मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. १९४०च्या दशकात देशात किती धान्य पिकतं हे नीट कळण्याची निकड होती. त्यासाठी शेतात यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, जागा निवडायची, तेवढाच तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून मळून वजन करायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. हेच पीक कापणी प्रयोग तुमच्या गावात आजही होतात, पीकविम्याची भरपाई त्यावर ठरते. तेव्हा वाद झाला तो तुकडा केवढा असावा यावर. प्रशांतचंद्र महालनोबीस हे त्या काळचं सर्वांत मोठं नाव. मूळचे भौतिकशास्त्राचे, १९३१ साली कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी करणारे. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकडा कापायला स्वस्त, म्हणून अनेक ठिकाणी कापता येतो, आणि कागदावर हे बिनतोड आहे. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांवरून दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं.

का येतं? तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, बघ डोळ्यांपुढे येतं का. खुंट्या ठोकल्यात, दोरी ताणली आहे. दोरीवर बरोबर मधोमध पिकाचं एक ताट उभं आहे. आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मुद्दाम कुणी करत नाही, पण भरलेलं कणीस बाहेर टाकवत नाही. मोठ्या तुकड्यात काठावरची चार ताटं जास्त धरली तर फरक पडत नाही. लहान तुकड्यात काठच काठ असतो, त्यामुळे तीच चार ताटं सगळा हिशेब फुगवतात. सुखात्म्यांचा हा निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’मध्ये छापून आला.

मला हे उदाहरण इतकं जवळचं वाटतं, कारण आकडा माणसाच्या हातून तयार होतो हे त्यात लख्ख दिसतं. दोरीवरचं ताट ज्याला माहीत आहे तोच विचारील की हा आकडा फुगला तर नाही? आणि ते माहीत व्हायला शेतात जावं लागतं, कापणाऱ्याशी बोलावं लागतं. तू काकूंशी बोललीस तसं.

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. एका विमा कंपनीत मी दाव्यांचा महिनावार अहवाल केला आणि वरिष्ठांपुढे ठामपणे सांगितलं की अमुक शाखेत मे महिन्यात दावे एकदम वाढलेत, गैरप्रकाराचा संशय येतो. त्या शाखेतला एक कारकून फोनवर होता. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, मे महिन्यात आमच्याकडे एवढे दावे आलेच नाहीत हो. मी स्वतः आवक रजिस्टर लिहितो.’ मला रागच आला. रात्री घरी फाइल उघडून बसले, तर त्या शाखेची फाइल वेगळ्या मांडणीत आलेली. आपण दिवस आधी लिहितो आणि मग महिना. कॉम्प्युटरने आधी महिना धरला होता. ५ एप्रिलचा दावा ४ मे झाला होता. बारा तारखेपर्यंतचे सगळे दावे वर्षभरात इकडून तिकडे विखुरलेले, बाराच्या पुढच्या तारखा मात्र तारीख म्हणून ओळखल्याच गेल्या नव्हत्या आणि गळून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ‘माझी चूक झाली, संशय मागे घेते’ असं म्हणताना घसा कोरडा पडला होता. पण त्या दिवसापासून कुठलाही अहवाल वर पाठवण्याआधी तो आकडा ज्याच्या हातून आला त्याला एक फोन करायचा, ही सवय लागली. फोन करायला न लाजणारी माणसं या कामात हवी असतात. आतेभाऊ ज्याला बडबड म्हणतो ती तुझी ही शक्ती आहे, ती घालवू नकोस.

तर मग स्वभावात लागतं काय? मला विचारशील तर पहिलं म्हणजे खटकणं, ते तुझ्यात आहे. दुसरं, स्वतःच्या आकड्यावर संशय घेता येणं आणि चूक निघाली तर ती आपल्या तोंडाने सांगता येणं. हे तुझ्यात आहे का ते पत्रावरून मला कळत नाही, तुझं तूच बघ. घरात पैशांचा हिशेब चुकला तर आधी कुणावर शंका घेतेस, स्वतःवर की दुसऱ्यावर? तिसरं, नको असलेली गोष्ट मोठ्या माणसांना नीट शब्दांत सांगण्याची हिंमत. साहेब ‘बघू’ म्हणाले आणि तू गप्प बसलीस. तिथे तुला थोडं घट्ट व्हावं लागेल.

आणि चौथं चिकाटी. याबद्दल कुठलाच क्लास आधी सांगत नाही. या कामातला फार मोठा वेळ साफसफाईत जातो. एकच गाव एकाने ‘कवठेमहांकाळ’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘क. महांकाळ’, तिसऱ्याने ‘कवठे महाकाळ’, आणि चौथ्याने नुसतं ‘कवठे’. कॉम्प्युटरला ती चार गावं वाटतात. चौथ्याचं कवठे हे नक्की तेच का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. असे शेकडो शब्द एकेक करून जुळवायचे, मग कुठे मोजणी सुरू होते. स्वयंपाकात पालेभाजी निवडताना जशी तंद्री लागते तशी ज्याला इथे लागते तो टिकतो. ज्याला दिवसाच्या शेवटी हातात काहीतरी पुरं झालेलं दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला हे काम जाचतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण ते आधी कळलेलं बरं. तू तीन महिन्यांच्या याद्या उतरवताना कंटाळलीस का? पत्रात ‘रविवार कसा गेला कळलं नाही’ असं लिहिलं आहेस. ते मी खूण म्हणून धरते.

आवडींबद्दलही लोक विचारतात. कोडी सोडवणं, बुद्धिबळ, क्रिकेटची आकडेवारी तोंडपाठ असणं, हे असलं तर छान. पण भिशीचा हिशेब बिनचूक ठेवणारी, दोन दुकानांतले भाव किलोवर आणून तोलणारी, एसटी नेमकी सोमवारीच का उशिरा येते याचा विचार करणारी माणसंही याच जातकुळीतली. त्यांना कुणी तसं म्हणत नाही इतकंच.

आता निर्णयाचं. तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, हे काम मला जमेल का. दुसरा, मला गावाबाहेर पडायचं आहे का. ‘पुण्यात गेले की निदान लग्नाचा विषय वर्षभर मागे पडेल’ हे वाक्य तूच लिहिलं आहेस. ती इच्छा मोठी आहे आणि तिचा मान राख. पण त्यासाठी सव्वा लाखाचा कोर्स हे कारण पुढे करू नकोस. घरी सरळ बोल: ‘मला अजून वर्षभर लग्न नको, मला माझं काम नीट उभं करायचं आहे.’ ठेव मोडायला तयार असलेले बाबा हे ऐकून घेतील असं मला वाटतं.

कोर्स आत्ता नको. ज्या कामाला पगार मिळेल, ज्यातली माणसं आणि व्यवहार तुला पाठ आहेत, ते काम समोर चालून आलेलं असताना सहा महिने पैसे देऊन बनावट कंपन्यांची बनावट विक्री कशाला मोजायची? मुख्य कार्यालयातली जागा घे. घेताना तीन गोष्टी विचारून घे: सहा महिने जमलं नाही तर शाखेत परत येता येईल का, अहवाल मांडायला तुला स्वतःला मंडळापुढे बसू देणार का, आणि शाखांमध्ये फोन करायची, जायची मोकळीक आहे का. तिसऱ्याला नकार असेल तर मात्र विचार कर. मग तुला फक्त तक्ते भरायला बसवतील.

दरम्यान रोज तासभर एक्सेल पक्कं कर. पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज-मोजणी करणारा तक्ता), आणि एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधण्याची सूत्रं, हे दोन आले की पुष्कळ काम हलकं होतं. नंतर एसक्यूएल, म्हणजे माहितीच्या साठ्यातून हवं ते काढून घ्यायची भाषा. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या सरकारी संकेतस्थळांवर हे विषय फुकट शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच पैसे. हात बसवायला घरची माहिती हवी असेल तर अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक असते. सांगलीच्या हळदीचे दोन वर्षांचे आकडे उतरवून घे आणि एकच प्रश्न विचार: आवक वाढते त्या आठवड्यांत भाव खरंच पडतो, की सगळे तसं म्हणतात? उत्तर काढून बाबांना दाखव. ते शेतकरी आहेत, तुझ्या चुका ते पहिल्यांदा पकडतील.

सहा महिन्यांनी नेमकं काय येत नाही याची तुझ्याकडे यादी असेल. त्या यादीपुरता छोटा कोर्स तेव्हा बघ. आणि ‘प्लेसमेंटची हमी’ म्हणणाऱ्यांकडून ती हमी लेखी माग. लेखी देताना शब्द कसे बदलतात ते ध्यानात येईल. फीसाठी क्लासच कर्ज काढून देत असेल तर सही करू नकोस.

एक काळजीची सूचना. तुझ्या वहीत सभासदांची नावं आणि थकबाकी आहे. ती वही घरी ठेवू नकोस. नावांच्या जागी क्रमांक घाल आणि पुढचं काम साहेबांच्या परवानगीने, कार्यालयातच कर. लोकांची कर्जं ही त्यांची खासगी गोष्ट आहे. गावात कुणाच्या घरी किती थकलंय हे तुझ्या वहीतून फुटलं तर तुझं नाव जाईलच, पण त्या काकूंना मान खाली घालावी लागेल.

आणि साहेबांकडे पुन्हा जाण्याआधी तुझा शोध पक्का कर, कारण तो अजून कच्चा आहे. ४२पैकी ३१ म्हणजे शंभरात जवळपास ७४. ऐकायला मोठं वाटतं. पण तुमच्या शाखेचे मुळात सगळे कर्जदार किती, आणि त्यांतले त्या तीन गावांतले किती? शाखेचे शंभरातले ७४ कर्जदार त्याच तीन गावांतले असतील, तर तुझ्या ३१ला काही अर्थ उरत नाही. ते शंभरातले तीसच असतील, तर तुझं म्हणणं भक्कम आहे. मग त्या गावांतले दूध न घालणारे कर्जदार वेगळे काढ. तेही उशीर करतात का? करत असतील तर कारण दुधाचं बिल नाही, दुसरंच काही आहे, कदाचित त्या गावाची एसटी किंवा तुमच्या वसुली प्रतिनिधीचा फेरीचा वार. हे सगळं पडताळून दुधाचं बिलच कारण निघालं, तर साहेबांना एका पानावर लिहून दे: या गावांतल्या दूध उत्पादकांचा हप्ता पाचऐवजी बारा तारखेला करून बघू या, तीन महिने, फक्त या शाखेत.

आणि ते उरलेले ११ जण कोण आहेत? त्यांच्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस. सोमवारी काउंटरवर त्यांच्यापैकी कुणी आलं तर विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.